गंडीपेट भरलं की आम्हाला आनंद होतो

लांब पोस्ट आहे. विषय हैदराबादचा आहे, पण सांगली, कोल्हापूर, पुणेकरांनीही वाचा. तुमचं दुखणं फार वेगळं नाही.

२६ सप्टेंबर २०२५. रात्री साडेअकराला आत्याचा फोन. आत्या ७८ वर्षांची, चादरघाटजवळ मुसी नदीपासून दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर एकटी राहते. "अरे, मोरीतून पाणी वर येतंय," एवढंच म्हणाली. मी आणि मुलगा पोचलो तेव्हा गल्लीत गुडघ्याइतकं पाणी होतं. औषधांची पिशवी, बँकेचं पासबुक आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण एवढं घेऊन तिला बाहेर काढलं. गादी, कपाट, फ्रीज, सगळं तिथेच. सकाळी टीव्हीवर महात्मा गांधी बस स्टेशन पाण्यात उभं असलेलं तुम्हीही बघितलं असेल.

वर पाऊस जोरात झाला आणि उस्मानसागर, हिमायतसागरचे दरवाजे उघडले, हे कारण. खरंच आहे ते. दरवाजे उघडायलाच हवे होते, धरण फुटू देऊन चालत नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

त्याच्या थोडे दिवस आधी आमच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाने फोटो टाकला होता. गंडीपेटच्या बंधाऱ्यावर तो, वहिनी, पोरं, हातात भाजलेली कणसं, मागे पाणी. खाली लिहिलं होतं, "काठोकाठ!!" त्यावर सगळ्यांनी बदाम टाकले. मीही टाकला. आत्यानेही टाकला.

हैदराबादेत वाढलेल्या माणसाला गंडीपेट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. उस्मानसागर हे कागदावरचं नाव, तोंडात गंडीपेटच. इथे म्हणतात की एकदा गंडीपेटका पानी पिया की माणूस हे शहर सोडून जात नाही. आमचे पणजोबा नांदेडकडून आले आणि गेले नाहीत, तेव्हा खरं असावं. लहानपणी शाळेची सहल तिथे, लग्न ठरल्यावर पहिलं फिरायला जाणं तिथे, पाहुणे आले की सागर महालापाशी फोटो. आता तर मोठी बागही झालीय. पण हे तळं सहलीसाठी बांधलेलं नाही, आणि खरं तर आधी पिण्याच्या पाण्यासाठीही नाही, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत नीट माहीत नव्हतं. शरमेची गोष्ट आहे, पण सांगून टाकतो.

ते बांधलं पुरासाठी. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला जो पूर आला त्यात सुमारे १५,००० माणसं गेल्याचं सांगतात. पाणलोटातले दोनशेहून जास्त लहानमोठे तलाव एकामागून एक फुटले आणि ते सगळं पाणी शहरावर आलं. अफजलगंज, मुस्सलमजंग, चादरघाट, तिन्ही पूल गेले. सोळाव्या शतकातला पुरानापूल तेवढा उभा राहिला. उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे, त्यावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. उर्दू शायर अमजद हैदराबादी यांची आई, बायको आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. आमच्या घरात आजीच्या सासूबाई सांगायच्या की त्या रात्री त्या माडीवर बसून खालची माणसं मोजत होत्या, मग मोजणं सोडलं. आत्याने हे लहानपणी ऐकलंय. २६ तारखेच्या रात्री माझ्या स्कूटरवर मागे बसून ती हेच बोलत होती.

पुढच्या वर्षी निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. हे नाव पुण्याला नवीन नाही, त्याआधी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे तेच. त्यांनी सांगितलं की शहरात नुसत्या भिंती बांधून भागणार नाही, पाणी वरच अडवा. म्हणून मुसीवर उस्मानसागर, १९२० ला पुरा झाला. तिची उपनदी ईसी, तिच्यावर हिमायतसागर, १९२७ ला. लंगर हौजजवळ दोन्ही नद्या एकत्र येतात आणि मग शहर लागतं. कल्पना साधी आहे. पुराचं पाणी धरणात थोपवायचं आणि नदीला झेपेल तेवढंच हळूहळू खाली सोडायचं.

पण थोपवायला जागा रिकामी लागते ना!

इथेच सगळी गोम आहे. पूर अडवणारं धरण पावसाळ्यात थोडं रिकामं असावं लागतं. पिण्याच्या पाण्याचं धरण भरलेलं हवं. आणि फिरायला जायचं तळं तर काठोकाठच हवं, नाहीतर फोटो काय काढणार? एकाच भिंतीकडून आपल्याला तिन्ही हवंय. उस्मानसागर ३.९ टीएमसीचा, हिमायतसागर साधारण ३. हिशोब करून बघा: लाखभर क्युसेकने पाणी येत असेल तर एक टीएमसी जागा पावणेतीन तासांत भरते. म्हणजे एक टीएमसी मोकळं ठेवलं तर फार मोठा पूर थांबणार नाही, पण पावणेतीन तास मिळतील. आत्याला पावणेतीन तास मिळाले असते तर फ्रीज राहू द्या, निदान तिच्या लग्नातला अल्बम वरच्या मजल्यावर गेला असता.

सप्टेंबरच्या शेवटाला दोन्ही तळी तुडुंब असतात आणि आपण टाळ्या वाजवतो. १९०८ चा पूर सप्टेंबरच्या शेवटाला आला होता. २०२० चा ऑक्टोबरमध्ये. आमच्याकडचा परतीचा पाऊस हाच घात करतो, आणि तोवर धरणात जागाच उरलेली नसते. कोयना, अलमट्टीच्या नावाने २०१९ ला सांगलीत जो वाद पेटला तो आठवा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

आता दुसरी बाजू, आणि ही माझ्या घरातली आहे.

१९९६ साली सरकारने आदेश काढला, इथे सगळे त्याला नुसतं "एकशे अकरा" म्हणतात. दोन्ही तळ्यांभोवती १० किलोमीटरपर्यंत, ८४ गावांत, कारखाने, मोठ्या इमारती, वसाहती बंद. २०२२ मध्ये हे निर्बंध उठवणारा आदेश निघाला. कारण काय, तर शहराला आता कृष्णा-गोदावरीचं पाणी येतं, या तळ्यांचा वाटा अगदी थोडा राहिलाय. पिण्याच्या पाण्यापुरतं बोलायचं तर मुद्दा बरोबर आहे. पण पुराचं काय? वरच्या शेतांवर काँक्रीट आलं, ओढे बुजले की तोच पाऊस जमिनीत न मुरता दुप्पट घाईने तळ्यात येणार. कृष्णेचं पाणी नळाला आलं म्हणून मुसीचा पूर थांबत नाही. आता तर गोदावरीचं पाणी आणून हीच तळी भरायची योजना आहे. नदी वाहती व्हावी हा हेतू, चांगलाच आहे. पण पावसाळ्यात पातळी किती ठेवणार, हे कोणी सांगेल का?

घरातली बाजू अशी की २००९ मध्ये मी आणि धाकट्याने मिळून मोईनाबादकडे ३०० गजांचा तुकडा घेतला. "एकशे अकरा"मुळे स्वस्त मिळाला. आज ना उद्या आदेश उठेल, मग बघा, असं तेव्हा सगळेच म्हणायचे आणि आम्हीही तेच धरून घेतला. आम्ही काही पर्यावरणवाले नव्हतो. २०२२ ची बातमी आली त्या रात्री भावाने पेढे आणले होते आणि मी दोन खाल्ले. आता एक बिल्डर आजूबाजूचे तुकडे गोळा करतोय. भाव असा देतोय की माझं राहिलेलं घरकर्ज फिटून मुलीच्या शिक्षणाचेही निघतील. कागदावर दोघांची सही लागते.

पुरानंतर मी भावाला म्हटलं, थांबू या. तो म्हणाला, "दादा, तू सही नाही केलीस म्हणून तिथे टॉवर व्हायचे थांबणार आहेत का? शेजारच्या चौघांनी दिलंय. पाणी आत्याच्या घरात शिरायचं ते शिरणारच, फक्त पैसे आपल्याऐवजी दुसऱ्याला मिळतील." याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. तो वाईट माणूस नाही, आत्याला नवी गादी आणि फ्रीज त्यानेच घेऊन दिला, मी नाही.

आत्याला विचारलं तर म्हणते, "मला मध्ये घेऊ नका. मी नदीकाठी राहते ती माझ्या हौसेने राहते का?" तिथलं भाडं परवडतं म्हणून राहते. तिच्या गल्लीतले सगळे त्यासाठीच राहतात.

इशाऱ्याचं काय झालं म्हणाल तर गल्लीत एक गाडी भोंगा लावून गेली म्हणे, तेव्हा पाणी आलेलं होतं. कोणाची चूक ते मला माहीत नाही. पण दर पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन्ही तळ्यांची ठरलेली पातळी, म्हणजे कोणत्या महिन्यात किती भरू द्यायचं ते, छापून लावायला काय हरकत आहे? गंडीपेटच्या बागेच्या तिकीटखिडकीवर लावा आणि चादरघाटच्या गल्लीतही लावा. सप्टेंबरमध्ये तळं दोनतीन फूट उतरलेलं दिसलं तर आपणही "अरेरे, यंदा भरलं नाही" असं म्हणू नये. नगरसेवकापासून आमदारापर्यंत मी हेच अर्जात लिहून दिलंय. पोच मिळाली, उत्तर नाही.

सही अजून केलेली नाही. बिल्डरने दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. धाकट्या, हे वाचत असशील तर ग्रुपवर नको, फोन कर. रविवारी घरीच आहे, आत्याही इथेच आहे.