ओल्या लाकडाचा पूल

गेल्या रविवारी पावसाची सर येऊन गेल्यावर दादऱ्याच्या वनगंगा बागेत शिरलो. पुलावर पाय ठेवला आणि ओल्या लाकडाचा वास आला. अण्णांच्या सदऱ्याला यायचा, तोच. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. पाऊल पुढे पडेना.

अण्णा सुतार. सिल्वासात एका कारखान्यात यंत्रांसाठी लाकडी खोकी ठोकायचे. सुट्टीच्या दिवशी मला आणि ताईला या बागेतल्या तळ्यावर आणायचे. आम्ही होडीसाठी हट्ट धरायचो. ते कठड्यापाशी उकिडवे बसून सांध्यावरून अंगठा फिरवत राहायचे. एकदा म्हणाले, "बघ, पाणी जायला वाट ठेवलीय. पावसानं लाकूड कुजत नाही रे, पाणी साचलं की कुजतं."

बाग जपानी धाटणीची. तळ्यात बेट, लाकडी पूल, गवतानं शाकारलेल्या झोपड्या. पुण्याहून आलेला पाहुणा इथं उभा राहून पु. ल. देशपांडे उद्यानाचं नाव काढतोच, आणि आमच्या बागेला नक्कल म्हणतो. मीही पाहिलंय ते. ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेलं, फार देखणं आहे. पण खुद्द कोराकुएन, इकेदा त्सुनामासानं करवून घेतलेलं, १७०० साली पुरं झालेलं, त्यातल्या वास्तूही १९४५च्या हवाई हल्ल्यात जळाल्या आणि जुन्या चित्रांवरून पुन्हा उभ्या केल्या. मग आमच्याच बागेला नक्कल का म्हणायचं? हे मला आजही लागतं.

अण्णांना जपानचं काही नव्हतं. पुलावर ते सांगायचे बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. १९५४च्या जुलैत दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा. पोर्तुगिजांविरुद्धच्या त्या लढ्यात बाबूजी स्वतः उतरले होते. 'गीतरामायण' आकाशवाणीवर सुरू झालं ते पुढच्या वर्षी. "ज्या गळ्यानं रामायण गायलं, तो माणूस भर पावसाळ्यात आपल्या गावासाठी लढायला आला होता," असं म्हणताना अण्णांचा आवाज भरून यायचा. ताई तोवर होडीच्या रांगेत जाऊन उभी राहिलेली असायची. अण्णांचा अंगठा मात्र सांध्यावरच.

परवा मीही तिथंच बसलो. काही फळ्या नव्या आहेत, फिकट. कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. सांध्यात ओला पाला दाटला होता. नखानं उकरून काढला, तसं पाणी खाली तळ्यात गळलं.

पावसाळ्यात दादऱ्याला आलात तर होडीत बसण्याआधी पुलावर जरा थांबा. सांध्यात पाला अडकलेला दिसला, तर तेवढा काढा.