दिमतीची होडी

भाषांतरकाराच्या टेबलावर केव्हा काय येऊन पडेल, याचा नेम नसतो. काही वर्षांपूर्वी नौकानयनावरील एक इंग्रजी लेख माझ्याकडे आला. दूरच्या प्रवासास निघणाऱ्या प्रत्येक नौकेपाशी एक ‘टेंडर’ असलेच पाहिजे, असे त्यात प्रारंभीच म्हटले होते. सरकारी पत्रव्यवहारात मुरलेल्या हाताने मी बिनदिक्कत ‘निविदा’ असे लिहून मोकळा झालो. पुढील वाक्यात त्या निविदेला वल्ही जोडलेली आढळली, तेव्हा कोठे चूक ध्यानात आली!

वाचकहो, हे टेंडर म्हणजे मोठ्या नौकेच्या दिमतीस असलेली लहान होडी होय. शिडाच्या नौकेचा तळ पाण्याखाली दीड-दोन मीटर खोल गेलेला असतो. त्यामुळे तिला किनाऱ्यास लागता येत नाही. दूर नांगर टाकून उभे राहावे लागते. मग पिण्याचे पाणी, भाजीपाला, गॅसची टाकी, प्रसंगी आजारी माणूस, या सर्वांची ने-आण त्या लहान होडीनेच करावयाची. मुंबईस गेट वे ऑफ इंडियासमोर उभे राहून पाहिलेत, तर नांगरलेल्या नौका आणि त्यांच्यामध्ये लगबगीने फिरणाऱ्या या होड्या सहज दृष्टीस पडतील. इंग्रजीत त्यांना ‘डिंगी’ म्हणतात. हा शब्द मूळचा आपलाच. बंगालच्या नद्यांवरील ‘डिंगी’ इंग्रजांनी उचलली आणि जगभर नेली.

या विषयाची मला गोडी लागली ती एका स्नेह्यांमुळे. निवृत्तीनंतर त्यांनी अकरा मीटर लांबीची एक जुनी शिडाची नौका घेतली. पत्नी आणि वृद्ध मातोश्री यांना घेऊन मुंबईहून किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्यापर्यंत जावे, असा त्यांचा बेत होता. मातोश्रींचे माहेर विजयदुर्गाजवळचे. लहानपणी त्या आगबोटीने माहेरगावी जात. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागे. “एकदा तसंच समुद्रावरून गावी जायचंय,” एवढीच त्यांची इच्छा होती. वय अठ्ठ्याहत्तर, आणि गुडघे दुखरे!

तेव्हा प्रश्न उभा राहिला, होडी कोणती घ्यावी? लाकडाची किंवा फायबरची कठीण होडी वल्हवण्यास उत्तम. खडकावरील कालवांनी ती फाटत नाही, वाळूवरून ओढली तरी कुरकुरत नाही. परंतु कडेवर पाय पडताच ती एका अंगाला कलते. हवा भरलेली रबरी होडी याच्या उलट. ती सहसा कलंडत नाही आणि भार अधिक पेलते. मात्र वल्हवताना वारा तिला पानासारखी भिरकावतो. तिचे कापडही पारखून घ्यावे लागते. पीव्हीसीचे कापड स्वस्त, पण आपल्याकडील उन्हात ते काही वर्षांत चिकट होते व सांधे सुटू लागतात. हायपालॉन या कृत्रिम रबराच्या जातीचे कापड महाग असले तरी ऊन अधिक सोसते.

यंत्राचीही तीच कथा. होडीच्या पाठीस अडकवावयाचे हे यंत्र लोकप्रिय केले ते नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागीर ओले एव्हिन्रूड यांनी. भावी पत्नीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम वल्हवत आणताना ते वितळले आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. 1909 साली त्यांची यंत्रे विक्रीस आली. आज पंधरा अश्वशक्तीचे चार-स्ट्रोकी यंत्र सुमारे 50 किलो भरते, तर सहा अश्वशक्तीचे त्याच्या जवळजवळ निम्मे. पहिले होडीला चौघांसह पाण्यावरून पळवते. दुसरे शांतपणे पोहोचवते. आमच्या स्नेह्यांचे मन अर्थातच पहिल्यावर जडले होते.

“आणि हे हलत्या नौकेवरून खाली होडीत उतरवणार कोण? तुम्ही आजारी पडलात, तर मला एकटीला उचलता आलं पाहिजे,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

प्रश्न बिनतोड होता. मग मातोश्रींना मुंबईच्या बंदरात दोन होड्यांत प्रत्यक्ष बसवून पाहिले. कठीण होडीत पाऊल टाकताच त्या दचकल्या. रबरी होडीच्या रुंद काठावर मात्र त्या ओट्यावर टेकावे तशा आधी बसल्या आणि मग पाय आत घेतले. निवड तेथेच झाली. अॅल्युमिनियमच्या तळाची, पावणेतीन मीटर लांबीची रबरी होडी आणि सहा अश्वशक्तीचे यंत्र घ्यावयाचे ठरले.

जानेवारीत त्यांची नौका विजयदुर्गास पोहोचली. मी तेथेच त्यांना जाऊन मिळालो. वाघोटण खाडीच्या मुखाशी तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला तो किल्ला आणि त्याच्या आडोशाला निवांत पाणी. आंग्र्यांचे आरमार याच बंदरात विसावत असे. दुपारी आम्ही चौघे होडीने किनाऱ्याकडे निघालो. ओहोटी लागली होती. निम्म्या वाटेवर यंत्र एकाएकी गचके देऊन थांबले. तुटक्या नायलॉन जाळ्याचा एक तुकडा पंख्यात गुरफटला होता. होडी हळूहळू समुद्राकडे सरकू लागली. स्नेह्यांनी वल्ही उचलली. पण होडीबरोबर आलेली ती आखूड वल्ही ओहोटीपुढे अगदीच तोकडी पडली. मातोश्री काही बोलल्या नाहीत; त्यांनी फक्त सुनेचा हात घट्ट धरला.

त्या वेळी उपयोगी पडला तो होडीत ठेवलेला दोन-अडीच किलोंचा छोटा नांगर. तो टाकताच होडी थबकली. यंत्र वर उचलून आम्ही जाळे कापू लागलो. तोच एक कोळी आपली होडी वल्हवत जवळ आला. त्याने दोर फेकला आणि आमच्या वल्ह्यांकडे पाहून तो हसला. “मशीन रुसता, वल्हां रुसणा नाय,” तो म्हणाला. “पण ही वल्ही न्हय, कालथे!”

त्याच्या दोराने आम्ही किनाऱ्यास लागलो. मातोश्री काठावर बसल्या, वळल्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. “पडावातून असंच उतरायचो,” त्या म्हणाल्या. डोळे पुसण्यासाठी त्यांनी पदर वर नेला तेव्हा आम्ही दुसरीकडे पाहू लागलो.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोडे जण स्वतःची नौका बाळगतील. पण लहान होडीत बसण्याचा प्रसंग कोणावरही येईल. तेव्हा इतके ध्यानात ठेवावे. अंगावर तरंगजाकीट असल्याखेरीज होडीत पाऊल टाकू नये. यंत्र बंद करणारी लाल दोरी चालकाने मनगटास अडकवलीच पाहिजे, म्हणजे तो पाण्यात पडला तरी फिरता पंखा थांबतो. होडी घ्यावयाची तर वेगावर भुलू नये. घरातील सर्वांत अशक्त माणसाला तीत बसता येईल काय आणि सर्वांत अशक्त हातांना ती सांभाळता येईल काय, हे आधी पाहावे.

आमच्या स्नेह्यांनी गोव्यास पोहोचताच पहिली खरेदी केली ती लांब वल्ह्यांची. माझ्या जुन्या भाषांतरातील ‘निविदे’लाही वल्ही होतीच, ती पुरेशी लांब होती की नाही, हे मात्र पाहावयाचे राहून गेले.