रात्रीचे ताट, दोघांचे

आपल्या वऱ्हाडात ‘हलके जेवण’ हा शब्दप्रयोग बहुधा आजाऱ्याच्या संदर्भातच कानी पडतो. ताप आला, पोट बिघडले, की मुगाची खिचडी किंवा ज्वारीच्या कण्या. प्रकृती सुधारली, की पुन्हा तर्रीदार रस्सा, ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. धडधाकट माणसाने रात्री हलके जेवावे असे सुचवणे म्हणजे त्याच्या तब्येतीविषयी शंका घेण्यासारखेच.

या समजुतीला कारण आहे. कपाशीत, तुरीत दिवसभर राबणारा माणूस दुपारी बांधावर भाकर-चटणी खाई. घरी बसून गरम अन्न पोटभर खाण्याची वेळ एकच, ती रात्रीची. त्या ताटातले तेल, डाळ, भाकरी दुसऱ्या दिवशीच्या श्रमात जिरून जाई. वाशीमसारख्या गावी नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ते ताट जसेच्या तसे उचलून आणले आणि श्रम मात्र शेतातच राहिले. हे दिवसभर कार्यालयात खुर्चीवर, मी शाळेत. रात्री साडेनऊला जेवण आणि साडेदहाला अंथरूण.

गेल्या वर्षी यांच्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी मानली जाते. उंबरठा हा शब्द ऐकायला सौम्य आहे. परंतु माझ्या सासऱ्यांनी आयुष्याची अखेरची काही वर्षे मधुमेहाने अंधूक झालेल्या डोळ्यांनी काढली, ती आम्ही दोघांनी जवळून पाहिली होती. डॉक्टरांनी औषध दिले नाही. रोज चालायला सांगितले आणि रात्रीचे जेवण लवकर व कमी करायला सांगितले. ‘कमी’ म्हणजे नेमके काय, ते आमचे आम्हालाच ठरवायचे होते.

प्रारंभ तेलापासून केला, कारण तेल मोजता येते. दोघांच्या घरात महिन्याला साडेतीन लिटर तेल लागत होते. हिशेब मांडला, तर माणशी दिवसाला पन्नास ग्रॅमच्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात २००० उष्मांकांच्या दिवसासाठी तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरले आहेत, म्हणजे दोघांना महिन्याला पावणेदोन लिटरच्या आसपास. एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक, पिठात वा डाळीत साडेतीनच्या आसपास; ताट हलके करायचे तर कात्री कुठे लावावी हे यावरून सहज ध्यानी येईल. आम्ही पळी बाजूला ठेवली आणि रात्रीच्या स्वयंपाकासाठी चहाचा चमचा घेतला. भाजीला दोन चमचे, त्यावर नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य वाटते. ज्वारीची भाकर पोळीपेक्षा हलकी, असे आपण सर्रास म्हणतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून तर हे वाक्य फारच ऐकू येते. शंभर ग्रॅम ज्वारीत आणि तितक्याच गव्हात उष्मांक जवळपास सारखेच असतात. भाकरीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की तिच्या पिठात किंवा घडीत तेल जात नाही आणि ती चावून, सावकाश खावी लागते. तीन भाकरी खाल्ल्या, तर त्या तीन भाकरीच! यांच्या ताटात पूर्वी तीन असत; आता दीड असते आणि उरलेली जागा भाजीने व्यापली आहे. भाकर थापण्याचे काम यांनी स्वतःकडे घेतले, हा या प्रयोगाचा अनपेक्षित लाभ. पीठ गरम पाण्याने मळावे, प्रत्येक भाकरीपुरतेच घ्यावे, एवढे दोन नियम पाळल्यावर कडा फाटणे थांबले. स्वतः थापलेली भाकर माणूस मोजून खातो, असे माझे निरीक्षण आहे.

वेळेचा प्रश्न अधिक अवघड होता. आमच्या जिल्ह्यात कारंजा आणि मालेगाव तालुक्यातील शिरपूर ही जैनांची प्रसिद्ध स्थाने. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणारी कुटुंबे आम्ही पाहत आलो आहोत. दिवस कलल्यावर शरीराची साखर पेलण्याची शक्ती मंदावते, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. नोकरदारांना सूर्यास्त गाठणे शक्य नसते. आम्ही साडेसात ही वेळ धरली. त्यासाठी भाजी सकाळीच चिरून ठेवणे आणि डाळ भिजत घालून शाळेत जाणे एवढे पुरते. जेवणानंतर अर्धा तास फिरायलाही वेळ मिळू लागला.

आता पदार्थांकडे वळू. सर्वांत उपयोगी पडल्या त्या कण्याच. एक वाटी ज्वारीच्या कण्या धुऊन तासभर भिजवाव्यात, पाच वाट्या उकळत्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवाव्यात, कोमट झाल्यावर पातळ ताक घालावे. वर एक चमचा तेलात लसूण-जिऱ्याची फोडणी. रात्री दही वर्ज्य असे आयुर्वेद सांगतो. म्हणून ताक ताजे आणि पाणीदार घेतो. सोबत चिरलेला सांबार घातलेली काकडीची कोशिंबीर. दोघांचे पोट भरते.

उन्हाळ्यात चिवळीची भाजी. ही जमिनीला लगटून वाढते, म्हणून चार-पाच पाण्यांतून धुवावी. मूठभर मूगडाळ अर्धी शिजवून, कांदा-लसणावर परतून त्यात चिवळ टाकली, की दहा मिनिटांत भाजी तयार. हिवाळ्यात तुरीचे सोले: वाटीभर सोले कोरडेच भाजून जाडसर वाटावेत व पातळ आमटी करावी. भाजल्याचा सुवास इतका असतो, की तेलाची उणीव भासत नाही.

पातोडीच्या रश्शाने मात्र आम्हाला दाद दिली नाही. वड्या शिजवून थापतात, तेव्हा त्यांत तेल फारसे नसतेच. सारे तेल रश्शात. कांदा विस्तवावर भाजून पाहिला, खोबऱ्याऐवजी भाजलेले तीळ वाटून पाहिले. रस्सा पचायला सोपा झाला आणि चवीला पोरका. मसाल्याचा सुगंध तेलात उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही, हे साधे शास्त्र आहे. काही पदार्थ हलके करू नयेत, हे माझे स्पष्ट मत. पातोडी आता महिन्यातून एका रविवारी दुपारी, पुऱ्या तर्रीसह होते.

सोयाबीनचा उल्लेख टाळता येणार नाही. जिल्हाभर शेतांत सोयाबीन, बाजार समित्यांत त्याचे ढीग, आणि घरी मात्र त्याचे फक्त तेल येते! दाण्यात शेकडा ३५-४० भाग प्रथिने असतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्ये चांगले मऊ शिजवून आम्ही त्याची कांदा-टोमॅटो घालून उसळ करतो. कच्चट ठेवू नये. न शिजलेल्या दाण्यातील घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. वास सर्वांना रुचेलच असे नाही. यांना अजून रुचलेला नाही, तरी आठवड्यातून एकदा तक्रार न करता खातात.

पावसाळ्यात सासूबाई मानोऱ्याकडील गावाहून राहायला आल्या. पहिल्याच रात्री ताट पाहून त्या म्हणाल्या, “काय व, पोराले उपाशी झोपवतं का?” यांनी उत्तर दिले नाही, फक्त दुसरी वाटी कण्या मागून घेतली. दोन दिवस त्या गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी बाजारातून अंबाडी आणवली आणि तुरीची डाळ, मूठभर कण्या एकत्र शिजवून त्यांनी अशी आंबट भाजी रांधली, की माझे चमच्याचे मोजमाप त्यांनीच पाळलेले मला नंतर कळले. अंबाडीच्या आंबटपणामुळे तेल आणि मीठ दोन्ही कमी चालतात. सासऱ्यांना कोणी हे वेळेवर सांगितले असते तर, एवढे बोलून त्या उठल्या.

एक सूचना आवर्जून करते. आपल्या घरी कोणी साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून रात्रीचे जेवण कमी करू नये. रात्री साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. गर्भवती, वाढती मुले, शेतात राबणारी माणसे यांनाही हे ताट लागू नाही.

रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, म्हणून ही तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करतात. यांचा आकडा ५.९ आला, वजन अडीच किलोने उतरले. यातला किती वाटा जेवणाचा आणि किती चालण्याचा, हे डॉक्टरांनाही वेगळे काढून सांगता आले नाही. तेल महिन्याला दोन लिटरवर आले आहे. पावणेदोन अजून गाठलेले नाही.

आता थंडी पडली, की रोडग्यांची आमंत्रणे सुरू होतील. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. त्या पंगतीत आम्ही दोघे बसणार आणि वाढप्याला नाही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या मुगाच्या कढणासाठी डाळ मात्र सकाळीच भिजत पडलेली असेल.