तिच्या खात्यात किती आहेत?

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये बँकेत कारकून असणे म्हणजे नुसती नोकरी नव्हे. रस्त्याने जाताना चारजण हटकतात. "जयभीम साहेब, माझा चेक वटला का बघा ना." "अहो, पेन्शन जमा झालं का?" पोटापुरते कमावणाऱ्या माणसाला महिन्याची दहा तारीख गाठणे कठीण, त्याची ही विचारणा मी समजू शकतो. मी स्वतः सुभाष टेकडीच्या बाजूच्या अशाच वस्तीत वाढलो, बी.कॉम. झालो आणि एका सहकारी बँकेच्या काउंटरवर बसलो. वस्तीतला पहिला बँकवाला म्हणून माझे कौतुक झाले. त्या कौतुकापायी मी जी चूक केली ती आज वाचकांपुढे ठेवतो आहे. घरी सुद्धा ती मी बरीच वर्षे सांगितली नव्हती.

गोष्ट २००७ सालची. जयंती समितीत माझ्याबरोबर काम करणारा एक मित्र दुपारी खिडकीशी आला. म्हणाला, "वहिनीचं पासबुक सापडत नाहीये. तिच्या खात्यात किती आहेत तेवढं सांग." रोजचा माणूस, एका ताटात जेवलेला. मी खाते उघडले आणि सांगितले, "अकरा हजार चारशे." तो क्षणभर गप्प झाला. मग "बरं" म्हणून निघून गेला. त्या गप्प होण्याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

वहिनी जीन्सच्या कारखान्यातून माल घरी आणून धागे कापायच्या. नगावर पैसे. रात्री दोन दोन वाजेपर्यंत बल्बखाली बसून त्यांनी ही रक्कम उभी केली होती, मुलीला नर्सिंगला घालण्यासाठी. नवऱ्याला ठाऊक नव्हते. तो वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही. भिशीचे पैसे थकले होते, माणसे दारात येत होती. "घरात पैसा असून मला लोकांपुढे हात पसरायला लावलास," हे त्याचे वाक्य शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकले. तिसऱ्या दिवशी दोघे बँकेत आले. पैसे काढायची स्लिप वहिनींनीच भरली, सही त्यांचीच. सही जुळते की नाही ते मी तपासले, शिक्का मारला. नोटा मोजून दिल्या. त्यांच्या तोंडाकडे मी पाहिले नाही.

आठवड्याने त्या खाते बंद करायला एकट्या आल्या. फॉर्म पुढे सरकवताना एवढेच म्हणाल्या, "भावजी, मी पैसे बँकेत ठेवले होते, घरात नव्हते ठेवले."

नोकरीला लागताना मी एका कागदावर सही केली होती. ग्राहकाची कोणतीही माहिती बाहेर सांगणार नाही, असा तो गुप्ततेचा कागद. पंधरा-वीस कागदांवर एकदम सह्या घेतात, त्यात तोही होता. मी वाचला नव्हता. वहिनी गेल्यावर मी आस्थापनेच्या फायलीतून तो काढून वाचला. त्यात 'नवरा सोडून' असे कुठेही लिहिलेले नव्हते.

पुढे वाचत गेलो तसे कळले की हा काही आमच्या बँकेचा खाजगी नियम नाही. इंग्लंडमध्ये १९२४ साली याच प्रश्नावर एक खटला गाजला. टूर्नियर नावाचा एक साधा फिरता विक्रेता. बँकेचे त्याच्याकडे नऊ-साडेनऊ पौंड येणे होते. मॅनेजरने त्याचा पत्ता काढण्यासाठी मालकाला फोन केला आणि बोलता बोलता त्याचे कर्ज थकले आहे, तो पैजा लावतो, असेही सांगून टाकले. मालकाने त्याची नोकरी पुढे चालू ठेवली नाही. तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले की गुप्तता राखणे हा बँक आणि ग्राहक यांच्यातल्या कराराचाच भाग आहे, मग तो कुठे लिहिलेला असो वा नसो. अपवाद चार: कायद्याने भाग पाडले तर, सार्वजनिक हिताचे कर्तव्य असेल तर, बँकेला स्वतःच्या हितासाठी सांगणे आवश्यक असेल तर, आणि ग्राहकाची संमती असेल तर. आपल्या देशातल्या बँकाही हेच सूत्र धरून चालतात. एका फिरत्या विक्रेत्याची नोकरी गेली म्हणून जगभरच्या खातेदारांना हे संरक्षण मिळाले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपल्याकडे १९६९ साली चौदा बँका सरकारी झाल्या. त्यांच्यासाठी १९७० मध्ये जो कायदा झाला, त्याच्या कलम १३ मध्ये गुप्ततेचे बंधन स्पष्ट घातले आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे कॅनरा बँकेचे एक प्रकरण आले होते. मुद्रांक शुल्काच्या नावाखाली अधिकाऱ्याने बँकेत शिरून लोकांचे कागद तपासावेत की नाही, असा प्रश्न होता. २००४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की माणसाने कागद बँकेच्या हवाली केला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही. मग २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. तो संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच आहे. हा निकाल वाचताना मला धागे कापणाऱ्या वहिनी आठवल्या.

आता व्यवहाराचे बोलू. खाते एकट्याच्या नावाचे असेल तर शिल्लक विचारण्याचा हक्क फक्त त्या एकट्याचा. नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, सज्ञान मुलालाही नाही. वारस म्हणून ज्याचे नाव लावले आहे त्यालाही खातेदार हयात असेपर्यंत काही विचारता येत नाही. संयुक्त खाते असेल तर गोष्ट वेगळी. पोलिस आले तरी त्यांनी रीतसर लेखी मागणी आणावी लागते; ओळखीचा हवालदार खिडकीशी येऊन विचारू लागला तर त्याला सांगायचे नसते. कर्जाची माहिती मात्र बँक पतमाहिती कंपन्यांना कळवते, २००५ च्या कायद्यानेच. 'सिबिल' म्हणतात ते हेच. तिथला आपला पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मागता येतो. आपल्या नावावर न घेतलेले कर्ज तर दिसत नाही ना, एवढे तरी पाहावे.

बँकेच्या आत काय चालते ते लोकांना माहीत नसते. मी लागलो तेव्हा जुन्या जाडजूड खातेवह्या अजून कपाटात होत्या. काउंटरवर वाकले की शेजाऱ्याची शिल्लक वाचता येई. आता प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा आयडी आणि पासवर्ड आहे, आणि कोणी कोणते खाते केव्हा उघडले याची नोंद यंत्रात राहते. आज मी ती चूक केली असती तर माझे नाव आणि वेळ त्यात उमटली असती. खाते उघडताना दिलेले ओळखीचे कागद तर खाते बंद झाल्यावरही किमान पाच वर्षे जपावे लागतात. तिथपर्यंत ठीक. पण खरी गळती यंत्रातून कमी आणि टेबलावरून जास्त होते, असे माझे मत आहे. उलटी बाजू कोरी म्हणून आधारच्या झेरॉक्सवर हिशेब करणारे मी पाहिले आहेत. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत आपण तिथेच टाकून येतो. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवणारेही आहेत. एका ठिकाणी, नाव घेत नाही, कर्जाच्या फायलीतला जातीचा दाखला वर काढून "हे कोट्यातले" असे एकाने मोठ्याने म्हटलेले मी ऐकले. त्या तरुणाचे कान लाल झाले होते. दुर्बल घटकांना किती कर्ज दिले याचा हिशेब बँकांना रिझर्व्ह बँकेला द्यावा लागतो, त्यासाठी प्रवर्गाचा रकाना असतो. त्या रकान्याचे काम तेवढेच. चारचौघांत तो वाचून दाखवला तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, पैसे लागत नाहीत. पतपेढ्यांना मात्र हा लोकपाल नाही. त्या सहकार खात्याखाली येतात. आमच्या भागात गल्लोगल्ली पतपेढ्या आहेत म्हणून मुद्दाम सांगितले.

यंत्रातून कधीच काही जात नाही असेही नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी तिच्या एटीएम यंत्रणेच्या मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली. म्हणजे एटीएमने "पैसे देऊ का?" असे विचारले की बँकेऐवजी चोरच "दे" म्हणायचे. बनावट कार्डे वापरून एका दिवसात २८ देशांतून सुमारे ७८ कोटी, भारतातून अडीच कोटी, आणि दोन दिवसांनी हाँगकाँगच्या एका खात्यात जवळजवळ १४ कोटी. एकूण ९४ कोटी गेले. बँकेने सांगितले की खातेदारांच्या खात्यातले पैसे सुरक्षित आहेत, फटका बँकेला बसला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकराजणांना शिक्षा ठोठावली. एवढ्या मोठ्या चोरीत कोणा मावशीची बचत बुडाली नाही. मावशीची बचत बुडते ती फोनवरून.

"बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी संपलंय." त्याला आपले नाव माहीत असते, बँक माहीत असते, म्हणून आपण विश्वास ठेवतो. बँक फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डामागचा आकडा विचारत नाही. मी स्वतः बँकेत बसतो, ग्राहकाचा पिन मलाही दिसत नाही. आपल्या चुकीशिवाय बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि ते आपण तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले तर नुकसान आपल्यावर येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक सांगते. पण ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचा भुर्दंड आपला. म्हणून लाजत बसू नये. आधी बँक, आणि लगेच १९३० हा नंबर. "मुलगा कामावरून आला की बघू" म्हणत संध्याकाळ घालवणाऱ्यांचे पैसे पुढच्या चार खात्यांत पांगलेले असतात. अंगठ्याच्या यंत्रावर पैसे काढणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की तिथे ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट पुरते. जे अंगठा वापरतच नाहीत त्यांनी आधारच्या ॲपमधून तो कुलूपबंद करून घ्यावा. आणि लॉजवर, सिमकार्डाच्या दुकानात पहिले आठ आकडे झाकलेले आधार चालते का ते आधी विचारावे.

इतके सगळे कळूनही माझा हात पुन्हा घसरला. जुलै २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा आम्ही विहारात टेबल टाकले. पहिल्याच रविवारी रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेली. आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, मोबाईल नंबर, सगळे आमच्याकडे. शंभराच्या वर अर्ज झाले. त्यांची एक यादी केली, नाव, खाते क्रमांक, फोन. आमच्यातल्या एका पोराने उत्साहाने त्या यादीचा फोटो वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, "या भगिनींचे अर्ज पूर्ण" म्हणून. ग्रुपमध्ये तीनशे माणसे. मला रात्री कळले. फोटो काढून टाकायला लावला, पण तोवर किती जणांनी पुढे पाठवला असेल कोण जाणे. दहा-बारा दिवसांत एका भगिनीला "हप्ता अडकलाय, आलेला नंबर सांगा" असा फोन आला. तो त्या यादीवरूनच आला असे मी ठाम म्हणू शकत नाही. तिने सुनेच्या सांगण्यावरून फोन ठेवून दिला, हे आमचे नशीब. पुढच्या रविवारी मी सगळ्या झेरॉक्स ज्याच्या त्याला परत दिल्या आणि यादी विहाराच्या अंगणात जाळली. त्या पोरावर मी रागावलो नाही. २००७ मध्ये मीही त्याच्याच वयाचा होतो आणि मलाही मदतच करायची होती.

२०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. माहिती कशासाठी घेता हे सांगितल्याशिवाय ती घेऊ नये, काम झाले की पुसावी, असे त्याचे ढोबळ म्हणणे. आम्ही टेबलावरचे काम आता त्याच धर्तीवर करतो. अर्ज कसा भरायचा ते दाखवतो, कागद हाती घेत नाही.

त्याच जुलैत, दुसऱ्या रविवारी वहिनी विहारात आल्या होत्या. केस पांढरे झालेले. सतरा वर्षांत लग्नकार्यात, मयतीला समोरासमोर आलो होतो, पण बोलणे दोन शब्दांचे. मी खुर्ची दिली. "कोणकोणते कागद लागतात भावजी?" मी सांगितले. त्यांनी कोरा अर्ज घेतला, चष्मा लावला आणि सावकाश नाव, पत्ता, जन्मतारीख भरली. मी मधे मधे रकाना दाखवत होतो. बँकेच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावले.

"हे मी घरी भरते," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे वहिनी," मी म्हटले.

त्यांनी अर्जाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि अंगणवाडीच्या ताईंकडे स्वतः नेऊन दिला. पैसे जमा झाल्याचे त्यांच्या मुलीकडून कळले. खाते कोणत्या बँकेत आहे ते मी विचारले नाही.