हरताळ आणि हॅश

मराठीच्या प्राध्यापकांकडे लोक येतात ते अर्ज लिहून घ्यायला, मानपत्राचा मसुदा दाखवायला, क्वचित बारशाच्या आधी नावे विचारायला. अलीकडे आमच्याकडे, म्हणजे विभागात शेजारशेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या आम्हा दोघांकडे, आणखी एका कारणाने माणसे येऊ लागली आहेत. पिशवीतून एक जुना लॅपटॉप निघतो, आमच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला जातो आणि अपराधी आवाजात सांगितले जाते, "सर, अपडेट होत नाहीये. मी काही केलं नाही."

नवशिक्याची सगळी भीती त्या दुसऱ्या वाक्यात असते. आणि गंमत अशी की, काहीच केले नाही म्हणूनच पुष्कळदा ते घडलेले असते.

या प्रकाराचे धनी काही अंशी आम्हीच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला, आणि आमच्या विद्यार्थ्यांचे बरेचसे लॅपटॉप (भावाचे, मामाचे, कुणी शहरातून जुन्या बाजारातून आणलेले) विंडोज ११ च्या अटींत बसणारे नव्हते. चालते यंत्र भंगारात कशाला घालायचे, म्हणून आम्ही त्यांना लिनक्सची वाट दाखवली. आमचे स्वतःचे ज्ञान संगणकशास्त्राचे नव्हे. एम. ए. करत होतो त्या सुमारास उबुंटूची सीडी मागणी केली की टपालाने फुकट घरी येत असे. ती मागवली, बसवली, बिघडवली, पुन्हा बसवली. एवढीच आमची गुरुपरंपरा.

तर दिवाळीच्या सुट्टीनंतर द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी असाच लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या आतेभावाने त्यात उबुंटू २३.१० बसवून दिले होते. अपडेटची आज्ञा दिली की पडद्यावर इंग्रजी ओळींची एक लगड उलगडे, मध्ये चारशे चारचा आकडा दिसे आणि शेवटी अमुक भांडाराला आता 'रिलीज' फाइल उरलेली नाही, अशी तक्रार येई. त्याने त्यातले एकही अक्षर वाचले नव्हते. लाल उत्तरपत्रिका पालथी घालावी तसे त्याने झाकण मिटले होते.

आम्ही त्याला खुर्चीत बसवले आणि आम्ही बाजूला उभे राहिलो. विद्यार्थ्याच्या कळफलकाला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. तो आम्हांला फार महागात शिकायला मिळाला. आणि खरे म्हणजे किंमत आमची नव्हतीच, दुसऱ्याच कुणाची होती. ते आधी सांगून टाकतो.

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या एक सहकारी पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होत्या. त्यांच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ होते, आमच्याच सल्ल्यावरून बसवलेले. प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले असताना तळटीपांच्या मांडणीचा काही त्रास होऊ लागला आणि लेखनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी, असे आमच्या मनाने घेतले. ती आवृत्ती २४.०४ च्या भांडारात होती. उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीला एक टोपणनाव असते. २२.०४ चे 'जॅमी', २४.०४ चे 'नोबल'. अपडेट कुठून आणायचे हे ज्या फाइलीत लिहिलेले असते तिच्यात, जॅमीच्या ओळींखाली, आम्ही नोबलची एक ओळ घातली. मॅडम म्हणाल्या, "सर, मी लिहून घेऊ का, काय करताय ते?" आम्ही म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे."

यंत्र आज्ञाधारक असते. नवे ते चांगले, हा त्याचा साधा न्याय. त्याने एक सॉफ्टवेअर नव्हे, तर ज्याच्यावर बाकी सारे उभे असते ते पायाभूत सामानही नोबलमधून ओढायला सुरुवात केली. शेकडो नावे सरकताना पाहून आम्ही एकमेकांकडे पाहिले. थांबवावे की चालू द्यावे हे दोघांनाही सांगता येईना. तेवढ्यात वीज गेली. त्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती.

वीज आल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे तेवढी आली. चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत, प्रबंधाची फाइल उघडायला जागा नाही. आम्ही घाईघाईने ती नोबलची ओळ काढली आणि मग ध्यानात आले की ओळ परत काढता येते, त्या ओळीच्या सांगण्यावरून जे घडून गेले ते परत काढता येत नाही. चढवलेल्या आवृत्त्या मागे उतरवणे ही त्या व्यवस्थेची रीतच नव्हे. दोन आवृत्त्यांची सरमिसळ झालेल्या अशा यंत्राला डेबियनच्या मंडळींनी 'फ्रँकेनडेबियन' असे नाव ठेवले आहे आणि असे करू नका, असे स्पष्ट बजावलेही आहे. उबुंटू डेबियनवरच उभे आहे. ती सूचना आम्ही नंतर वाचली.

लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती समजावून देताना उत्तरेची पाठपरंपरा आणि दक्षिणेची पाठपरंपरा आधी वेगळ्या का ओळखाव्या लागतात, यावर आम्ही तास घेतलेले आहेत. दोन परंपरांचे पाठ न पाहता एकत्र केले की जी प्रत तयार होते ती कुठल्याच परंपरेची राहत नाही, हे आमच्या टिपणांत अधोरेखित आहे. आणि एका बाईच्या चार वर्षांच्या कष्टांवर बसून आम्ही नेमके तेच केले.

प्रबंध वाचला. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू करून आम्ही त्यांचा सगळा मजकूर रात्री उशिरापर्यंत बाहेर काढला. मॅडम तेवढा वेळ स्टाफरूममध्ये बसून होत्या. रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या दुकानात जाऊन लॅपटॉपवर पुन्हा विंडोज घालून घेतले, प्रबंध वेळेत सादर केला, पेढे दिले. संगणकाबद्दल त्या आमच्याशी त्यानंतर एक शब्दही बोललेल्या नाहीत. "लिहून घेऊ का" या त्यांच्या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर आम्हांला अजून ऐकू येते.

म्हणून आता कळफलक विद्यार्थ्याकडे आणि पहिले काम वाचनाचे. त्याला म्हटले, आवृत्तीचा क्रमांक वाच. २३ म्हणजे २०२३ साल, १० म्हणजे ऑक्टोबर. सम वर्षांतल्या एप्रिलमध्ये येणाऱ्या उबुंटूला पाच वर्षे सांभाळतात. मधल्या आवृत्त्यांना नऊ महिनेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नऊ महिने मिळवले की जुलै २०२४. तुझ्या आवृत्तीचा काळ केव्हाच संपला आहे. तिचे सामान आता चालू भांडारातून उचलून जुन्यांच्या भांडारात ठेवले आहे आणि तुझा लॅपटॉप अजून आधीच्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो आहे. त्याने विचारले, "म्हणजे लॅपटॉप बिघडला नाही?" नाही, पत्ता जुना झाला.

पत्ता जिथे लिहिलेला असतो ती फाइल म्हणजे सोर्सेस डॉट लिस्ट. कुणालाही वाचता येईल असा साधा मजकूर. तिची एक प्रत वेगळ्या नावाने काढून ठेवली आणि नॅनो नावाच्या छोट्या संपादकात ती उघडायला सांगितली. इथे दर नवशिका एकदा अडतो. पासवर्ड विचारला जातो, टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही, आणि कळफलक बंद पडला असे वाटते. उमटत नाही तरी जाते आहे, एवढे सांगावे लागते.

मग आम्ही एका ओळीचे वाक्यपृथक्करण केले. हा भाग आमच्या हक्काचा. पहिला शब्द सामानाचा प्रकार सांगतो, दुसरा पत्ता, तिसरे आवृत्तीचे टोपणनाव (त्याच्याकडचे 'मॅंटिक'), आणि पुढे मेन, युनिव्हर्स अशी भांडारातल्या दालनांची नावे. टोपणनाव जसेच्या तसे ठेवायचे, पत्ता तेवढा बदलायचा, तोही दोन ठिकाणचा : एक भारतातल्या भांडाराचा, दुसरा सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा. दोहोंच्या जागी 'ओल्ड-रिलीजेस' असलेला पत्ता येतो.

काही ओळींच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह होते. या का लिहिल्यात, चालत नाहीत तर खोडत का नाहीत, असे त्याने विचारले. हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' आपण म्हणतो ते तिथून आले. हॅशचे काम निम्मे हरताळाचे : यंत्र ती ओळ वगळते, पण माणसाला ती वाचता येते आणि चिन्ह काढले की ती पुन्हा जिवंत होते. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करणाऱ्या नाथांनी पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले होते, हेही त्याच्या कानावर घातले. (तो ऐकत होता की नाही, कोण जाणे. तृतीय वर्षात हा प्रश्न हमखास येतो.)

त्याने पत्ते बदलले, फाइल जपून ठेवली, अपडेटची आज्ञा दिली. पुन्हा तक्रार, पण वेगळी. पहिलीच नोंद सदोष आहे, असे यंत्राचे म्हणणे. आम्ही दोघे चष्मे सारून ती ओळ वाचत राहिलो, दोष दिसेना. त्यानेच शोधला. जुना पत्ता मुळापासून पुसून त्याने तो नव्याने टंकला होता आणि मध्येच कळफलक मराठीवर गेला होता. अपूर्णविरामाची कळ सापडेना, म्हणून जे तसेच दिसते ते त्याने घातले. तो विसर्ग होता! 'अंतःकरण' शब्दात विसर्ग हवा, अपूर्णविराम नको, असे त्याच्या निबंधावर आम्ही गेल्याच वर्षी लाल शाईने लिहिले होते. त्याने बरोबर उलटा हिशेब चुकता केला.

विसर्ग गेला आणि ओळी सरळ धावू लागल्या. आधी होते ते अद्ययावत झाले. मग तिथून २४.०४ वर जाण्याचे काम तो घरी रात्री करणार होता. निघताना त्याला एवढेच सांगितले की नव्या आवृत्तीत ही फाइल जवळजवळ रिकामी दिसेल, घाबरू नकोस. २४.०४ पासून पत्ते उबुंटू डॉट सोर्सेस नावाच्या दुसऱ्या फाइलीत गेले आहेत आणि तिथे एका ओळीऐवजी पाचसहा ओळींचे खंड असतात. तांत्रिक मंडळी त्या खंडांना 'स्टॅन्झा' म्हणतात, याचा आम्हांला उगाच आनंद आहे. आमच्या वहीतली जुनी टिपणे मात्र त्यामुळे निकामी झाली. ती पाहून आम्ही स्वतः एकदा रिकाम्या फाइलीत ओळी घातल्या होत्या आणि तोच पत्ता दोनदा लिहिला आहे, अशी बोलणी यंत्राकडून खाल्ली होती.

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. यंत्र मध्येच थांबून विचारत होते : ही एक फाइल कुणीतरी बदललेली दिसते; तुमची ठेवू, की आमची नवी घालू? आमच्या तोंडावर उत्तर आले होते. ते गिळून विचारले, "फरक दाखवायचा पर्याय आहे का?" होता. डी दाबल्यावर त्याने दोन ओळी सावकाश वाचून दाखवल्या. एकीपुढे वजा, दुसरीपुढे अधिक. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर काय करायचे, याविषयीची ती ओळ होती. आतेभावाने तिचा हॅश काढून, मिटले तरी झोपू नकोस असे लिहून ठेवले होते.

"मग?" आम्ही म्हणालो.

"राहू दे सर, आपलीच. आई दिवा मालवताना झाकण लावते आणि माझं डाउनलोड बंद पडतं." आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्याने कळ दाबलेली ऐकू आली.