मिठाचा केक

माझ्या लहानपणी रमजानच्या शेवटच्या दिवसांत मोहल्ल्यातल्या बेकरीसमोर रांग लागायची. नानखटाईचं पीठ घरी मळायचं, गोळे वळून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि भट्टीत भाजून आणायचे. घरात ओव्हन होता कुणाकडे? अम्मी प्रत्येक गोळ्यावर चारोळीचा एक दाणा दाबायची. ती आमच्या घराची निशाणी. ट्रेची अदलाबदल झाली तरी आपला माल ओळखता यायचा.

आता ओव्हन माझ्या ओट्यावर आहे आणि सत्तरी ओलांडलेली अम्मी माझ्याकडे राहते. गेल्या ईदला तिनंच पीठ मळून दिलं, चारोळी लावली. भाजल्याचा वास घरभर पसरला, तशी ती उठून आतल्या खोलीत गेली. "तुम खाओ," एवढंच म्हणाली. तिला शुगर आहे. ते मला माहीत होतंच. पण त्या वासापासून ती उठून जाते, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

भाज्यांचे मफिन करायचं त्या दिवशी डोक्यात आलं. मफिनला मराठीत शब्द नाही, उर्दूतही नाही. दोन भाषा शिकवणारी मी अम्मीला एवढंच सांगू शकले, "छोटा केक, पण मिठाचा." ती म्हणाली, "केक में नमक? अल्ला, क्या जमाना आया!"

पहिला घाणा फसला. मैदा घेतला आणि केकसारखा जोर लावून फेटला. मैद्यातलं ग्लूटेन जितकं घोटाल तितकं चिवट होतं. शिवाय दुधी किसून तसाच घातला होता. वरून सोनेरी, आत ओला गोळा. मुलगी म्हणाली, "अम्मी, रबर छान झालाय." शाळेत मुलांना चूक शोधायला लावते, तशी आपली चूक शोधत बसले.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "नुसती साखर टाळून भागत नाही, पिठाचीही पोटात साखरच होते." म्हणून दुसऱ्या वेळी मैदा बाद केला. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी रवा. ज्वारीत आणि बेसनात ग्लूटेन नसतं, तेव्हा मिश्रण बांधून ठेवायला दोन अंडी. एक वाटी आंबट दही, पाव वाटी तेल. दुधी आणि गाजर किसून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं. सुटलेलं पाणी घट्ट पिळून काढलं आणि पुढचं मीठ त्या अंदाजानं घातलं. कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरं. रवा फुगायला पंधरा मिनिटं दिली आणि अर्धा चमचा सोडा अगदी शेवटी घातला. दह्याची आंबट आणि सोडा एकत्र आले की लगेच वायू सुटतो. मिश्रण ताटकळत ठेवलं तर फुगवटा भांड्यातच संपतो. साचे पाऊण भरले. ओव्हन आधीच १८० अंशांवर तापवून ठेवला होता. २५ मिनिटांनी मधोमध काडी घातली, ती कोरडी निघाली.

या वेळी वास सुटला तेव्हा अम्मी आत गेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी एक मफिन मोडून बशीत ठेवला, सोबत बिनसाखरेचा चहा. तिनं आधी हुंगला, मग खाल्ला. "ये तो भट्टी के आप्पे हैं," म्हणाली. शब्दाचा प्रश्न तिनंच सोडवला.

दोन तासांनी मशीनवर शुगर तपासली. आकडा नेहमीच्या आसपासच होता. म्हणून चार खायला मोकळीक नाही. एका वेळी एकच, हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि उरलेल्यांकडे निरखून पाहत विचारलं, "इन पे निशानी नई लगायी?"

"अम्मी, आता ट्रे कुठे बदलतोय कुणाशी?"

"फिर भी."

पुढच्या रविवारी मी साचे भरले तेव्हा ती शेजारी स्टूल घेऊन बसली होती. डब्यातून चिमूटभर तीळ घेऊन प्रत्येक साच्यावर टाकत गेली. बाराही साच्यांवर. मग स्वतःच म्हणाली, "अब डालो भट्टी में."