निदेशकाची पात्रता

जबलपूरला असताना आमचे बिऱ्हाड चेरीतालला होते. राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिच्या दिवाणाचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, असे तेथील लोक सांगतात. आमचे घरमालक काका गन कॅरेज फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले होते.

त्याच सुमारास एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या निवड समितीवर माझी नेमणूक झाली. (महाराष्ट्रात ज्यांना शिल्प निदेशक म्हणतात, ते मध्य प्रदेशात प्रशिक्षण अधिकारी. अधिकार दोन्हीकडे बेताचेच.) कारखान्यात बारा वर्षे काढलेल्या एका उमेदवाराजवळ पदविका नव्हती. मी नस्तीवर ‘अपात्र’ असा शेरा लिहिला. निवड पदविकाधारकाची झाली.

सहा महिन्यांनी तेथील कार्यशाळेत गेलो. एक मुलगा लोखंडाच्या तुकड्यावर कानस चालवीत होता. गुण्या लावला की दोन्ही कडांशी उजेड दिसे, मध्यभाग फुगलेला. निदेशक म्हणाले, “पुन्हा घास.” मुलाचा तो तिसरा दिवस होता.

संध्याकाळी काकांना हे सांगितले. त्यांनी माझेच हात धरून दाखविले. कानस पुढे सारताना आरंभी दाब पुढच्या हातावर, मध्यावर दोन्ही हातांवर सारखा, शेवटी मुठीच्या हातावर. हे साधले नाही तर कानस झोका खाते आणि मध्यभाग फुगतो.

“म्हणजे मी नाकारलेला माणूसच योग्य होता?”

“ते सांगता येत नाही, साहेब. मीही शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षे ‘असं कर’ एवढंच म्हणत आलो. एका डावखुऱ्या पोरानं विचारलं, तेव्हा पहिल्यांदा स्वतःचे हात पाहिले.”

उत्तम कारागीर आपोआप शिक्षक होत नाही, ही जाणीव शासनाला नव्हती असे नाही. १९४८ मध्येच बिलासपूरजवळ कोनी येथे निदेशकांना घडविणारी केंद्रीय संस्था निघाली होती. तो भाग तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर. पण आमच्या तक्त्यात रकाने होते ते शिक्षण, अनुभव आणि टक्केवारीचे. उमेदवारासमोर एखादा शिकणारा मुलगा उभा करावा, असा रकाना नव्हता.

पुढच्या निवडीच्या वेळी मी तसलाच एक फुगीर तुकडा मुलाखतीच्या टेबलावर ठेवला. बहुतेकांनी मोजमाप घेऊन दोष अचूक सांगितला. एकाने विचारले, “हा घासणारा मुलगा कुठे आहे? त्याला घासताना पाहता येईल का?”

मुलाखतीचे गुण मी त्याला पुरेपूर दिले. गुणवत्ता यादीत तो तिसरा आला. जागा दोन होत्या.